आधी धोरण की आधी ईआरपी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराची उत्पादन कंपनी, तीन गोदामं. विक्री एका सॉफ्टवेअरमध्ये, खरेदी दुसऱ्यात, हिशेब तिसऱ्यात, आणि या तिघांना जोडणारा एक्सेलचा पसारा. ईआरपी, म्हणजे विक्री, खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारी एकच सॉफ्टवेअर सिस्टीम, घ्यायचं ठरलं आहे. संचालक म्हणतात, आधी पाच वर्षांचं धोरण पक्कं करा, मग त्याला साजेशी सिस्टीम निवडू. आयटी विभाग म्हणतो, आधी सिस्टीम येऊ द्या, खरे आकडे दिसू द्या, धोरण नंतर ठरवू. विचारणाऱ्या व्यवस्थापकांना दोन्ही बाजू पटतात. शिवाय त्यांना एक काळजी आहे, की सिस्टीम आल्यावर मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांचं काय होणार.

माझ्या मते दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: धोरण संचालकांच्या बैठकीत ठरतं आणि सिस्टीम ही त्यानंतरची अंमलबजावणी असते, किंवा उलट. प्रत्यक्षात धोरणाचा मोठा भाग सिस्टीम बसवताना, सेटिंगच्या स्क्रीनवर ठरतो. माल कमी असेल तर कोणत्या ग्राहकाला आधी द्यायचा, विक्री प्रतिनिधी स्वतःच्या अधिकारात किती सूट देऊ शकतो, किती थकबाकी झाली की ऑर्डर अडकवायची, कोणत्या मालाचा किती साठा ठेवायचा, हे सगळे व्यवसायाचे निर्णय आहेत. पण सिस्टीममध्ये ते फक्त भरायचे रकाने असतात. ते बऱ्याचदा अंमलबजावणी करणाऱ्या कंपनीचा एखादा कनिष्ठ सल्लागार भरतो, आणि त्याला कोणी काही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअरबरोबर आलेलं मूळ मूल्यच तसंच राहतं. दोन वर्षांनी संचालकांना वाटतं की कंपनी त्यांच्या धोरणाप्रमाणे चालली आहे, आणि ती चाललेली असते त्या मूळ मूल्यांप्रमाणे.

म्हणून आधी काय आणि नंतर काय यापेक्षा हे विचारा: आपल्याकडे पुन्हा पुन्हा घ्यावे लागणारे निर्णय कोणते, ते कोणी घ्यायचे, कोणत्या आकड्यावर आणि किती दिवसांनी? याचं उत्तर कागदावर असेल तर धोरणाचं काम आणि सिस्टीमचं काम बरोबरीने पुढे जातं.

यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. सगळे निर्णय एकच मालक घेत असेल आणि माणसं पन्नासच्या आत असतील तर एवढा खटाटोप लागत नाही. चांगलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि साठ्याची शिस्त पुरते. औषधं किंवा खाद्यपदार्थांसारखं उत्पादन असेल तर बॅच आणि मुदतीच्या नोंदी कायद्यानेच लागतात, तिथे सिस्टीमच्या अर्ध्या गरजा आधीच ठरलेल्या असतात. मागणी स्थिर आहे की हंगामी, माल साठ्यासाठी बनवता की ऑर्डर आल्यावर, यानेही उत्तर बदलतं. तीन गोदामं आणि तीन वेगळी सॉफ्टवेअर म्हटल्यावर मी असं धरतो की निर्णय आता एका माणसाच्या डोक्यात मावत नाहीत.

आधी किती धोरण लागतं? तीन गोष्टी ठरल्या तरी पुरे. आपण ग्राहक कशाच्या जोरावर मिळवतो: माल लगेच मिळण्याच्या, कमी किमतीच्या, की हवं तसं बनवून देण्याच्या? अडचणीच्या वेळी कोणते ग्राहक आधी? आणि प्रत्येक गोदामाला किंवा शाखेला किती मोकळीक? पाच वर्षांच्या विक्रीचे अंदाज नंतर आले तरी सिस्टीमचं काही अडत नाही. या तीन गोष्टी ठरल्या नसतील तर मात्र प्रत्येक सेटिंगवर विभागांमध्ये वाद होतो आणि तो वाद जो मोठ्याने बोलतो तो जिंकतो.

त्यानंतर निर्णयांची यादी करा. विक्री, खरेदी, उत्पादन, गोदाम आणि वित्त विभागातले, रोजचं काम करणारे एकेक अनुभवी लोक दोन दिवस एकत्र बसवा. पंधरा-वीस निर्णयांच्या वर जाऊ नका. प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहा: आज निर्णय कोण घेतो, कशाच्या आधारे घेतो, किती वेळा घेतो, चुकला तर किती नुकसान होतं, आणि चूक किती दिवसांनी कळते. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी ठरतो. जिथे नुकसान मोठं आणि चूक महिन्याने कळते, तिथे सिस्टीमचा पैसा सत्कारणी लागतो. जिथे चूक त्याच दिवशी कळते आणि स्वस्तात निस्तरता येते, तिथे आहे ते चालू द्या. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनाही हीच यादी द्या आणि प्रात्यक्षिक त्यांच्या तयार नमुन्यावर न घेता तुमच्या यादीतल्या पहिल्या पाच निर्णयांवर, तुमच्याच आकड्यांनिशी घ्या. दोन-तीन पर्याय तिथेच गळतात.

एक निर्णय जवळून पाहू, म्हणजे धोरण रकान्यात कसं दडलेलं असतं ते कळेल. समजा एका सुट्या भागाचा खप दिवसाला सरासरी ४० नग आहे, रोजच्या खपातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १२ नग आहे आणि पुरवठादार माल पाठवायला सरासरी १० दिवस घेतो. या १० दिवसांत सरासरी ४०० नग खपणार. पण ४०० नग उरले असताना ऑर्डर टाकली तर जवळपास दर दुसऱ्या वेळी माल संपेल, म्हणून वर थोडा सेफ्टी स्टॉक ठेवावा लागतो. पुरवठादार अगदी वेळेचा पक्का असेल तर हिशेब सोपा आहे: १२ गुणिले १० चं वर्गमूळ म्हणजे ३८. दर शंभर खेपांपैकी ९५ वेळा नवा माल येईपर्यंत साठा पुरावा असं ठरवलं तर ३८ ला १.६५ या सांख्यिकीच्या तक्त्यातल्या गुणकाने गुणायचं, ६३ नग. ९९ वेळा पुरावा म्हटलं तर २.३३ ने गुणायचं, ८८ नग. हे ९५ की ९९ म्हणजेच "आपण ग्राहकाला किती खात्री देतो" या प्रश्नाचं उत्तर, आणि बऱ्याच कंपन्यांत ते सगळ्या मालाला सरसकट एकच असतं, कारण कोणी विचारलेलंच नसतं.

आता पुरवठादार १० दिवस म्हणतो, पण कधी ७ तर कधी १३ दिवस लावतो असं धरा. प्रमाण विचलन ३ दिवस. मग खपाचा चढउतार (१२ चा वर्ग गुणिले १०, म्हणजे १,४४०) आणि पुरवठ्याचा चढउतार (४० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे १४,४००) यांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावं लागतं. ते येतं १२६. आता ९५ टक्क्यांना २०८ नग लागतात आणि ९९ टक्क्यांना २९३. पुरवठादाराचा विस्कळीतपणा ३ दिवसांवरून १ दिवसावर आणला तर तेच आकडे ९१ आणि १२८ होतात. वेळ पाळणारा पुरवठादार असेल तर ९९ टक्के खात्री १२८ नगांत मिळते. बेभरवशाचा असेल तर ९५ टक्क्यांसाठीही २०८ नग अडकतात. म्हणजे खरेदी विभागाने दोन टक्के स्वस्त पण वेळ न पाळणारा पुरवठादार निवडला, तर ती बचत साठ्यात अडकलेल्या पैशातून परत जाऊ शकते. हे दिसायला प्रत्येक पुरवठादाराची प्रत्येक खेप ठरल्या तारखेला आली की नाही याची नोंद लागते. सिस्टीमने धोरण बदलतं ते असं: आधी कोणाला न दिसणारी निवड आता समोर मांडता येते.

दोन खबरदाऱ्या. हे सूत्र बऱ्यापैकी नियमित खपणाऱ्या मालासाठी आहे. महिन्याला दोन नग जाणाऱ्या मालाला ते लावलं तर उत्तर फसवं येतं, तिथे साधा "एक विकला की एक मागवा" हा नियम बरा. आणि सिस्टीम सुरू करताना घाईघाईने सगळ्या मालाला ३० दिवसांचा सरसकट लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस, भरण्याची पद्धत फार पसरलेली आहे. त्यामुळे ७ दिवसांत येणारा माल गोदामात साचतो आणि ६० दिवस लागणारा माल कायम संपलेला असतो. मग लोक म्हणतात, सिस्टीमच्या सूचनांवर विसंबता येत नाही, आणि पुन्हा एक्सेल उघडतात. निदान खर्चाच्या मानाने वरच्या २० टक्के मालाचे लीड टाइम तरी खऱ्या नोंदींवरून भरा. किमतीच्या दृष्टीने बहुतेक साठा तिथेच असतो.

धोरण दडून बसण्याची दुसरी जागा म्हणजे शब्दांच्या व्याख्या. "या महिन्याची विक्री किती?" या प्रश्नाला विक्री विभाग आलेल्या ऑर्डर मोजतो, गोदाम डिस्पॅच मोजतं, हिशेब विभाग बिलं मोजतो आणि वित्तप्रमुखांना जमा झालेले पैसे हवे असतात. चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. बैठकीत मात्र अर्धा तास कोणाचा आकडा खरा यावर जातो आणि निर्णय राहून जातो. साठ्याचंही तसंच. गोदामात १,००० नग दिसतात. त्यातले ३०० दुसऱ्या ऑर्डरसाठी राखीव, १५० गुणवत्ता तपासणीत अडकलेले. म्हणजे आज द्यायला ५५०. वाटेत २०० आहेत, ते आठ दिवसांनी येणार, म्हणजे तेव्हा ७५०. विक्री प्रतिनिधीच्या स्क्रीनवर यांपैकी कोणता आकडा दिसतो यावर तो ग्राहकाला काय वचन देईल हे ठरतं. त्याला १,००० दिसत असेल तर ग्राहक नाराज होणार हे आधीच ठरलं, प्रतिनिधी कितीही चांगला असो. म्हणून वीस-पंचवीस महत्त्वाच्या शब्दांची व्याख्या एका पानावर लिहा, प्रत्येकीचा एक जबाबदार अधिकारी ठरवा, आणि त्या पानावर सगळ्या विभागप्रमुखांच्या सह्या घ्या. हे काम आयटी विभागावर ढकलू नका. त्यांच्याकडे वाद मिटवण्याचा अधिकार नसतो.

मंजुऱ्यांचंही इथेच सांगतो. सूट, खरेदी, उधारी या प्रत्येकाला मर्यादा घालाव्याच लागतात, पण मर्यादा फक्त रकमेवर घातली की लोक एक ऑर्डर तीन तुकड्यांत टाकतात. म्हणून त्याच पुरवठादाराच्या किंवा ग्राहकाच्या सात दिवसांतल्या ऑर्डरची बेरीज पाहणारा नियम ठेवा. मंजूर करणारा रजेवर असेल तर अधिकार कोणाकडे, हे सिस्टीममध्येच भरा, नाहीतर पासवर्ड कागदावर लिहून टेबलावर ठेवला जातो आणि नोंदींचा अर्थच संपतो. नवा पुरवठादार नोंदवणारी आणि त्याचं बिल चुकतं करणारी व्यक्ती एकच नसावी, यात तडजोड करू नका. तीन महिन्यांनी तपासा: शंभरातल्या ९७-९८ विनंत्या जशाच्या तशा मंजूर होत असतील, तर ती मर्यादा चुकीची आहे. ती वाढवा आणि वरिष्ठांचा वेळ वाचवा.

आता मधल्या फळीचा प्रश्न. संगणकामुळे मधले व्यवस्थापक कमी होतील हे भाकीत १९५० च्या दशकापासून होत आलं आहे आणि अर्धंच खरं ठरलं आहे. खालून माहिती गोळा करणं, ती जुळवून वर पाठवणं, वरचा निरोप खाली पोहोचवणं, हे काम सिस्टीम खरंच घेते. ज्याचा दिवस फक्त यात जातो त्याची जागा धोक्यात आहे, आणि हे त्याला आधीच प्रामाणिकपणे सांगून दुसऱ्या कामासाठी तयार करणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. पण दुसरं काम वाढतं. अपवाद हाताळणं, दोन विभागांच्या ओढाताणीत मार्ग काढणं, आणि वर सांगितलेले रकाने ताजे ठेवणं. हे तिसरं काम कोणाच्याच नावावर नसतं, आणि सिस्टीम हळूहळू निकामी होण्याचं हे मी सगळ्यात जास्त पाहिलेलं कारण आहे. लीड टाइम खरेदी व्यवस्थापकाच्या नावावर, दर तिमाहीला तपासणी. उधारीच्या मर्यादा वित्त आणि विक्री दोघांच्या सहीने, सहा महिन्यांनी. ग्राहकांचा प्राधान्यक्रम विक्रीप्रमुखाकडे, वर्षातून दोनदा. उत्पादनाचे प्रमाणित वेळ कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे. ही जबाबदारी त्यांच्या कामाच्या वर्णनात आणि वार्षिक मूल्यमापनात लिहा.

अधिकार मुख्यालयात जातील की गोदामांकडे, हे सिस्टीम आपोआप ठरवत नाही. तीच सिस्टीम दोन्ही करू देते, निवड तुमची. मी साधारण असं पाहतो: एका ठिकाणची चूक इतरांना भोवत असेल तर निर्णय केंद्रात ठेवायचा. मालाची मूळ यादी, किंमतपत्रक, ग्राहकाची उधारी यात येतात. निर्णयासाठी लागणारी माहिती तासाभरात शिळी होत असेल तर तो तिथल्या माणसाकडे ठेवायचा. आजच्या गाड्यांचा क्रम, पाळीतली माणसं, किरकोळ तक्रारीची भरपाई यात येतात. मुख्यालयाला सगळं दिसतंय म्हणून सगळं तिथून ठरवायचा मोह होतो. दिसणं आणि समजणं यात अंतर असतं, आणि गोदामातल्या माणसाला स्क्रीनवर नसलेल्या गोष्टी माहीत असतात.

मोजमापांबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे नुकसान शांतपणे होतं. सिस्टीम आली की प्रत्येक गोष्ट मोजता येते, आणि जे मोजलं जातं त्याप्रमाणे माणसं वागू लागतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात मांडलेला मुद्दा कारखान्यातही लागू पडतो: मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून भरवशाचं राहत नाही. अमेरिकेतली टार्गेट ही किरकोळ विक्रीची साखळी २०१३ मध्ये कॅनडात उतरली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिने १३३ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. अपयशाची कारणं अनेक होती, पण मालाच्या नोंदींमधल्या चुका हे एक मोठं कारण होतं: लांबी-रुंदीची अदलाबदल, चुकीची मापं. त्याहून बोलकी गोष्ट नंतर बाहेर आली. कपाटं रिकामी असली तरी आकडा चांगला दिसावा म्हणून काही विश्लेषक त्या मालाची आपोआप मागणी नोंदवणारी सोयच बंद करत, म्हणजे तो माल "संपलेला" म्हणून अहवालात येतच नसे. माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. त्यांना ज्या आकड्यावर जोखलं जात होतं तो आकडा त्यांनी सांभाळला.

तुमच्याकडे याचं सर्वसाधारण रूप म्हणजे "वेळेवर डिलिव्हरी". ऑर्डर उशिरा जाणार हे दिसलं की कोणीतरी सिस्टीममधली वचनाची तारीख पुढे ढकलतो, आणि अहवालात डिलिव्हरी वेळेवर दिसते. उपाय सोपा आहे, पण सिस्टीम बसवतानाच करावा लागतो: ग्राहकाने मागितलेली तारीख, आपण दिलेली पहिली तारीख आणि सुधारित तारीख असे तीन वेगळे रकाने ठेवा, पहिले दोन एकदा भरल्यावर कोणालाही बदलता येऊ नयेत, आणि मोजणी पहिल्या तारखेवरच करा. खरेदी विभागाला फक्त दरातल्या बचतीवर जोखलं तर तो एकदम वर्षभराचा माल उचलतो. त्याच्या शेजारी साठ्याचे दिवस (हातातला साठा किती दिवस पुरेल) आणि वेळेवर आलेल्या खेपांचं प्रमाण ठेवा. डॅशबोर्डवर साठ आकडे नकोत. एका व्यवस्थापकासमोर सात-आठ, आणि प्रत्येकाबरोबर तीन गोष्टी: जबाबदार कोण, कोणत्या मर्यादेपलीकडे गेला की हालचाल करायची, आणि ती हालचाल कोणती. आकडा कसाही हलला तरी कोणी काही करणार नसेल तर तो काढून टाका.

आकडे किती ताजे हवेत हा याचाच भाग आहे. जो निर्णय महिन्यातून एकदा घ्यायचा त्याला दर मिनिटाचा आकडा दिला तर वरिष्ठ रोजच्या साध्या चढउतारावर फोन फिरवू लागतात, आणि खालचे लोक काम सोडून खुलासे लिहू लागतात.

सिस्टीममधून पुढे धोरण कसं उगवतं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण विमान कंपन्यांचं आहे. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमबरोबर बांधलेली सेबर ही आरक्षण प्रणाली १९६० च्या दशकात पूर्णपणे सुरू झाली. हेतू अगदी कारकुनी होता: हाताने कार्डं लावून होणारं आरक्षण वेगाने आणि बिनचूक व्हावं. १९७६ पासून तिचे टर्मिनल प्रवासी एजंटांकडे बसले आणि ती विक्रीची वाट झाली. एजंट बहुधा पहिल्या स्क्रीनवरचंच विमान विकतो, त्यामुळे यादीत कोण वर हे इतकं महत्त्वाचं ठरलं की आपल्याच विमानांना वर दाखवण्याच्या प्रथेवर १९८४ मध्ये अमेरिकेच्या नागरी विमानसेवा मंडळाला बंदीचे नियम करावे लागले. आणि साठलेल्या आरक्षणाच्या नोंदींमुळे १९८५ मध्ये कंपनी ठराविक जागाच आगाऊ स्वस्त दरात विकून बाकीच्या उशिरा येणाऱ्यांसाठी राखू शकली. कोणत्या विमानात किती जागा राखायच्या हे तिला नोंदींवरून कळत होतं. सुरुवातीच्या आराखड्यात हे सगळं असण्याचं कारण नव्हतं. पण नोंदी सुट्या सुट्या, प्रत्येक आरक्षणाच्या पातळीवर साठवल्या होत्या म्हणून पुढे त्यातून काही करता आलं. तुमच्यासाठी यातून घेण्यासारखं म्हणजे व्यवहार बेरजेच्या रूपात साठवू नका. प्रत्येक ओळ, तारीख-वेळेसह, आणि नाकारलेली मागणीसुद्धा. "माल नव्हता म्हणून ग्राहक परत गेला" ही नोंद बहुतेक कंपन्यांकडे नसते, आणि नवीन उत्पादन किंवा नवीन गोदाम ठरवताना नेमकी तीच लागते.

उलट बाजूही आहे: सिस्टीम धोरणाला बांधूनही ठेवते. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने २०११ मध्ये सुरू केलेला, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या सिस्टीमचा प्रकल्प २०१८ मध्ये थांबवला. तोवर साधारण ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. त्यात एक अडचण ठळकपणे चर्चेत आली. लिडल साठ्याचं मूल्य खरेदीच्या किमतीवर धरत असे, आणि किरकोळ विक्रीसाठीचं ते सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीवर बेतलेलं होतं. कंपनीला पद्धत बदलायची नव्हती, म्हणून ती सॉफ्टवेअरमध्येच फेरफार करत गेली. असे फेरफार एकदा करून संपत नाहीत. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ते पुन्हा तपासावे लागतात.

यावर माझा निकष असा: जी पद्धत पाहून ग्राहक तुमच्याकडे येतो ती जपा आणि तिच्यासाठी फेरफाराचा खर्च करा. बाकी सगळीकडे सॉफ्टवेअरची प्रमाणित पद्धत स्वीकारा. हिशेब, पगार, साधी खरेदी यात वेगळेपणाने काही मिळत नाही. फेरफाराची प्रत्येक मागणी लेखी घ्या आणि तीत एक प्रश्न ठेवा: हे केलं नाही तर कोणता ग्राहक किंवा कोणता कायदा अडेल? "आम्ही नेहमी असंच करतो" हे उत्तर आलं तर मागणी बाजूला ठेवा.

अंमलबजावणीच्या पायऱ्यांवर भरपूर लिहिलेलं सापडेल, म्हणून जिथे हमखास चुकतं तेवढंच सांगतो. जुन्या यादीत एकच बोल्ट चार नावांनी असतो. ही सफाई सिस्टीम यायच्या आधी, तो माल ओळखणाऱ्या माणसानेच करायची. डेटा हलवण्याच्या निदान तीन पूर्ण तालमी करा, शेवटची खऱ्या आकाराच्या डेटावर आणि घड्याळ लावून, कारण शनिवार-रविवारी संपायचं काम मंगळवारपर्यंत लांबलं तर डिस्पॅच थांबतो. प्रत्येक विभागातला सगळ्यात जाणकार माणूस निम्मा वेळ प्रकल्पाला द्या. जो सहज मोकळा करता येतो तो बहुधा चुकीचा माणूस असतो. आणि हंगामाच्या तोंडावर सिस्टीम सुरू करू नका. हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये हॅलोविन या सणाच्या ऑर्डर यायच्या सुमारास नवी सिस्टीम एकदम सुरू केली. माल तयार होता, ऑर्डर होत्या, पण त्या वेळेवर बाहेर पडेनात, आणि त्या तिमाहीत नफा १९ टक्के घसरला. तीन गोदामं आहेत तर आधी सगळ्यात लहान नव्हे, मध्यम गोदाम घ्या. लहान गोदामात खऱ्या अडचणी दिसतच नाहीत.

सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी कंपनीत वापरात असलेल्या सगळ्या एक्सेल फाइल गोळा करा, कोणालाही न रागावता. प्रत्येक फाइल सांगते की सिस्टीम कोणत्या निर्णयाला पुरत नाही. काही सिस्टीममध्ये घ्याव्या लागतील, काही तशाच राहिल्या तरी चालतील.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिस्टीमच्या आकड्याला आव्हान देण्याची अधिकृत वाट ठेवा. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन ही हिशेबाची प्रणाली आणली. तिच्यात दिसणारी तूट शाखा चालवणाऱ्यांच्या माथी मारली गेली, त्यांच्या तक्रारी ऐकल्या गेल्या नाहीत, आणि ९०० हून अधिक जणांना अफरातफर, चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं. प्रणालीतल्या दोषांमुळे अशी तूट दिसू शकत होती हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं; शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला २०२४ उजाडलं. माणसांची घरं गेली, काहींचे जीव गेले. दोष सॉफ्टवेअरमध्ये असतातच. इथे व्यवस्थापनाने आकड्याला पुरावा मानलं आणि माणसाला संशयित. तुमच्याकडे नियम असा हवा: साठ्यात किंवा रोकडीत तूट दिसली तर कोणाकडून वसुली करण्याआधी प्रत्यक्ष मोजणी, व्यवहारांचा माग आणि त्या काळात सिस्टीममध्ये झालेले बदल, हे तिन्ही त्या विभागाबाहेरच्या माणसाने तपासायचे, आणि ज्याच्यावर आळ आहे त्याला त्या नोंदी पाहता यायला हव्यात.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही: माल साठ्यासाठी बनवता की ऑर्डर आल्यावर. वरचा सेफ्टी स्टॉकचा हिशेब मी साठ्याचा धरून केला. ऑर्डरप्रमाणे बनवत असाल तर तो फक्त कच्च्या मालाला लावा. तिथे यादीतला पहिला निर्णय "ग्राहकाला कोणती तारीख सांगायची" हा होतो, आणि त्यासाठी प्रत्येक यंत्रावर आधीच किती तासांचं काम लागलेलं आहे हे विक्री विभागाला तारीख देण्याआधी दिसलं पाहिजे. प्रात्यक्षिकात सगळ्यात आधी तेच करून दाखवायला सांगा.